बार्लो साहेबांचं होकायंत्र

१

बार्लो साहेबांच्या टेबलावरचं चांदीचं होकायंत्र मंगळवारी दिवेलागणीला नाहीसं झालं, आणि बुधवारी उजाडायच्या आत बंगल्याचा चौकीदार हरिबा अणदूरच्या चावडीत कोंडला गेला.

साहेब सडकेचे इंजिनिअर. अणदूरपासून कोसभरावर, नळदुर्गच्या वाटेला सरकारी बंगला होता, तिथं त्यांचा मुक्काम. होकायंत्र तळहातात मावेल एवढं. साहेबांचा मुलगा ब्रह्मदेशच्या लढाईवर जाताना बापाला देऊन गेला होता, आणि त्या मुलाचं पत्र येणं बंद झालं होतं. त्यामुळं वस्तू लहान असली तरी साहेबांचा जीव तिच्यात अडकलेला. आणि साहेबांचा जीव जिथं अडकतो, तिथं निजाम सरकारच्या पोलिसांचाही अडकतो.

गुरुवारी सकाळी हरिबाची बायको दगडाबाई महांतप्पा मास्तरांच्या दारात येऊन बसली. महांतप्पा गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत. सदा पुस्तकात डोकं घातलेला माणूस. बाजारात वांग्याचा भाव करायचा तरी बायकोला पुढं करायचा.

“मास्तर, उद्या सकाळी त्यास्नी मोठ्या ठाण्यात नेणार हाईत,” दगडाबाई म्हणाली. “अमीनसाहेब म्हन्ले, तितं विचारपूस हुईल.”

मास्तरांनी मान खाली घातली. मोठ्या ठाण्यातल्या विचारपुशीत प्रश्न वेताची छडी विचारते, हे आख्ख्या मुलखाला ठाऊक होतं. मागं एक मेंढका तिथून परत आला, तो पुन्हा काही काठी धरू शकला नाही.

“त्यांच्या छातीत आधीच दम न्हाय. पयल्या छडीलाच व्हय म्हन्तील. न केलेलं बी कबूल करतील. मंग त्यांला कोन सोडतंय?”

“पण मी काय करू, बाई?”

“साहेबाला सांगा. आमचं म्हननं सायबापातुर जातच न्हाय. इकडचं तिकडं सांगाया एकटा अण्णाराव. त्यो काय सांगतो आनि सायब काय ऐकतो, आमाला काय कळतंय?”

अण्णाराव म्हणजे साहेबांचा ओव्हरसियर. बंगल्यावर साहेबांशी इंग्रजी बोलणारा तेवढाच एक.

अर्धं आयुष्य मास्तरांनी इंग्रजी शिकवलं, पण जिवंत इंग्रज पाहिला तो लांबून, मोटारीत बसलेला. आपण जे शिकवतो ते खरोखर इंग्रजीच असतं का, ही शंका त्यांना अधूनमधून घाम फोडायची. ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

“मी बोललेलं त्यांना कळायचं नाही,” ते पुटपुटले.

आत चुलीपुढं त्यांची बायको शिवकांता भाकरी थापत होती. ती म्हणाली, “पोरांना कळत न्हाय तरी रोज बोलताच की. साहेबाला एक दिवस न्हाय कळलं, तर काय आभाळ पडतंय?”

मास्तरांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली आणि चावडीची वाट धरली.

२

हरिबा चावडीच्या कोनाड्याखाली उकिडवा बसला होता. बाजूला अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे फौजदार, पान लावत होते.

“मंगळवारी सांजेला तू बंगल्यावर का नव्हतास?” मास्तरांनी विचारलं.

“नुकताच कामावर आल्तो, कंदिलाच्या काचा पुसत हुतो जी. साहेब नदीवर गेल्ते. अण्णाराव मालक आले, म्हन्ले, घासलेट सरलंय, सडकेच्या गँगच्या तंबूवरनं डबा घिऊन ये. म्या गेलो. तितं कुनी डबा ठिवलेलाच न्हवता. मोकळ्या हातानं माघारी आलो, तर फाटकातच धरलं.”

“अण्णाराव म्हणतात, मी पाठवलंच नाही.”

“म्हन्त्यात खरं.”

“त्यांचा तुझ्यावर काही राग?”

हरिबानं अमीनसाहेबांकडं चोरून पाहिलं आणि आवाज उतरवला. “मागल्या बाजाराला अंधार पडल्यावर घासलेटचे सरकारी डबे गाडीत भरून चालले हुते. म्या फाटक उघडलं न्हाय. साहेबांची चिठ्ठी दावा म्हन्लो. तवापास्नं मालक बोलंनात.”

लढाईचे दिवस. घासलेट रेशनवर. एकेका डब्यासाठी लोक जीव टाकत होते.

अमीनसाहेबांनी पान गालात सारलं. “मास्तर, आप पढेलिखे आदमी. जरा सोचा. साहेबांच्या खोलीत जाणारे नोकर दोघंच. एक हा, दुसरा बावर्ची रामकिसन. रामकिसन तर दुपारीच मुर्गी आणायला नळदुर्गला गेला, रातच्याला परत आला. त्यानं सांगितलं, अण्णारावनं बी सांगितलं. आता मागं राहिला कोण?”

“हे साहेबांना विचारलंत?”

“साहेबांना उर्दू येत न्हाय, मला इंग्रजी. कोण कुणाला विचारणार? अण्णाराव आहे ना मधी.” मग ते जरा नरमले. “गाडी सकाळी जोडतो. तवर काही आणता आलं तर आणा. एकदा इथनं निघाला की हा माझ्या हातात राहायचा न्हाय.”

३

बंगल्याच्या वाटेवर मास्तर मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. विचारण्यासाठी इंग्रजीत शब्द काय थोडे आहेत? वर्गात ते पोरांना समजावून सांगत, आस्क म्हणजे दारातून विचारणं, एन्क्वायर म्हणजे ओसरीवर टेकून विचारणं, क्वेश्चन म्हणजे समोर उभं करून विचारणं, एक्झामिन म्हणजे दिव्याजवळ नेऊन पाहणं. आणि इन्व्हेस्टिगेट म्हणजे आपल्याकडं जनावर चोरीला गेलं की पावलं धरत माग काढतात, अगदी तेच. पोरं घोकत. पण गावच्या मास्तरानं साहेबाला विचारायचं तर यातला कुठला शब्द शोभेल, हे पुस्तकात नव्हतं. आस्क फार सलगीचा वाटत होता, क्वेश्चन उद्धट.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर रामकिसन कोंबडी सोलत होता. गोलमटोल, हसऱ्या तोंडाचा माणूस.

“या मास्तर. तुमी तर हिला शिवनार बी न्हाय. जरा लांबच बसा, पिसं उडत्यात.”

मास्तर लांब बसले. “मंगळवारी काय झालं रे इथं?”

“मला काय ठावं? दुपारीच नळदुर्गला गेल्तो, ह्याच कामाला. सासुरवाडी हाय तितं, जरा टेकलो. माघारी आलो तवर सगळा तमाशा आटपल्ता. हरिबा असं करंल वाटलं न्हवतं बगा. वाईट वाटतंय.”

“तुलाही पोलिसांनी विचारलं?”

“विचारलं की. म्या हितं न्हवतोच, तर काय विचारनार?”

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, “कोण, महांतप्पा मास्तर? आज शाळेला सुट्टी का पोरांना?”

अण्णाराव डोक्यावरची हॅट काढत उभा होता. तरतरीत, इस्त्रीच्या विजारीतला. मास्तरांनी येण्याचं कारण सांगितलं तसा तो हसला. “साहेबांशी बोलायचंय? बोला की. पण ते ‘द काउ इज अ युसफुल ॲनिमल’ नका सुरू करू. लंडनचं इंग्रजी वेगळं असतं, मास्तर. अर्धं नाकातून जातं.”

मास्तरांचे कान लाल झाले. परतावं का, असं मनात आलंच होतं, इतक्यात फाटकातून साहेब आत आले. उंच, वाकलेले, डोळ्यांखाली काळं धरलेलं.

अण्णाराव लगबगीनं पुढं झाला. “सर, आय वॉज सर्चिंग फॉर यू ॲट द रिव्हर.”

साहेबांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. ते मास्तरांकडं पाहत होते. “अँड हू इज धिस?”

मास्तरांनी तोंड उघडलं, आणि जुळवलेल्या वाक्यांतलं एकही जागेवर नव्हतं.

४

पण साहेब वाट पाहत थांबले. माणसाचा मुलगा लढाईवर असला की त्याला वाट पाहायची सवय होत असावी. त्यांनी अण्णारावला कामावर पिटाळलं, व्हरांड्यातली खुर्ची दाखवली. मास्तर खुर्चीच्या कडेवर टेकले आणि एकेक शब्द पारखून ठेवल्यासारखे बोलू लागले. गंमत अशी, की साहेबांना कळत होतं. साहेबांचं मात्र मास्तरांना दर वाक्याला दोनदा ऐकावं लागे.

हरिबाला घासलेटसाठी पाठवलं होतं, असं मास्तरांनी सांगितलं. साहेबांनी मान हलवून नकार दिला. अण्णारावनं ते नाकारलं होतं, आणि अण्णारावचा शब्द ते का खोटा मानतील?

“सर, मे आय एन्क्वायर,” मास्तरांनी शेवटी शब्द निवडला, “आपल्या खोलीत कुक पण जातो ना?”

“रामकिसनवर माझा संशय नाही,” साहेब इंग्रजीत म्हणाले. “त्याला तर सर्च केलं. मंगळवारी चहा घेऊन मी नदीवर गेलो तेव्हा होकायंत्र टेबलावर होतं. परतलो तर नाही. मी अण्णारावला तिथंच सांगितलं, सर्च एव्हरीबडी. थोड्या वेळानं तो आला. म्हणाला, हरिबा गॉन, सर. आय सर्च्ड रामकिसन. नॉट फाउंड.”

नीट ऐकलं ना आपण, हे मास्तर मनात घोळवत होते.

“उलट त्या कुकचं मला वाईट वाटलं,” साहेब पुढं म्हणाले. “खिसे उलटे करायला लावले म्हणून तो इतका दुखावला, की त्या रात्री त्यानं चूलच पेटवली नाही. अण्णारावनंच मला सांगितलं तसं, आणि डब्यातली मासळी आणून दिली. मी विषय वाढवला नाही.”

“आणि सर, नदीवर जाण्याआधीचा चहा... तो कुणी दिला?”

“रामकिसननं. का?”

का, ते मास्तरांना सांगता येईना. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि निघाले. फाटकाबाहेर लिंबाखाली आल्यावर त्यांचे पाय थांबले. एकच रामकिसन मंगळवारी दिवेलागणीला नळदुर्गात सासुरवाडीला टेकला होता, आणि त्याच घडीला बंगल्यावर खिसे उलटे करून उभाही होता.

५

घरी येऊन ते पाटावर बसले आणि मनात जुळवाजुळव करू लागले.

अमीनसाहेबांनी रामकिसनला सोडलं, कारण तो बंगल्यावर नव्हता. साहेबांनी त्याला सोडलं, कारण तो बंगल्यावर होता आणि झडतीत काही निघालं नाही. दोघांनी एकाच माणसाला निर्दोष ठरवलं, ते उलट्या कारणांनी. एक कारण मराठीत आणि उर्दूत फिरत होतं, दुसरं इंग्रजीत. दोन्ही कारणं अण्णारावच्या तोंडून निघाली होती, आणि त्या दोहोंची गाठ पडू नये एवढी काळजी अण्णारावशिवाय दुसऱ्या कुणाला घ्यावी लागत नव्हती.

पण लगेच मास्तरांना दुसरा विचार आला. ही निव्वळ चूक असली तर? ‘सर्च’ शब्दच दगाबाज. नुसता वापरला तर झडती घेणं. मागं ‘फॉर’ लावलं तर शोध घेणं. आपली पोरं दर परीक्षेत तो ‘फॉर’ खातात. अण्णारावला म्हणायचं असेल, मी रामकिसनला शोधलं, तो सापडला नाही. मराठीत ‘सापडला’ आणि ‘सापडलं’ यांत माणूस कोण नि वस्तू कोण ते उघडं पडतं. इंग्रजीत ‘नॉट फाउंड’ म्हटलं की दोन्हींवर पांघरूण.

“एका शब्दावर मी माणसाला चोर कसा म्हणू?” ते शिवकांताला म्हणाले. “माझंच ऐकण्यात चुकलं असेल. हरिबाला उतरवायचं नि त्याच गाडीत रामकिसनला बसवायचं, आणि तो निर्दोष निघाला तर?”

“मग म्हणू नका चोर,” शिवकांता म्हणाली. “नुसतं विचारा. तुम्ही मास्तरच आहात की. पोरानं चोरून उत्तर लिवलं तर कसं धरता?”

“त्याला तेच पुन्हा मराठीत सांगायला लावतो.”

बोलून गेल्यावर मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तो हातातच राहिला.

६

शुक्रवारी सकाळी गाडी जोडली. हरिबा मागं बसला होता, हात दोरीनं बांधलेले. दगडाबाई चाकाला धरून चालत होती. मास्तरांनी अमीनसाहेबांना एवढंच विनवलं, की वाट बंगल्यावरूनच जाते, तिथं घडीभर थांबा. अमीनसाहेबांनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि हो म्हणाले.

व्हरांड्यात साहेब खुर्चीवर, पायऱ्यांवर अमीनसाहेब, खाली अण्णाराव आणि रामकिसन.

“अण्णाराव,” ते मराठीत म्हणाले, “मंगळवारी तुम्ही रामकिसनची झडती घेतली, की त्याचा शोध घेतला?”

अण्णाराव हसला. “सर्च केलं म्हणून साहेबांना तेव्हाच सांगितलंय.”

“ते इंग्रजीत झालं. अमीनसाहेबांना इंग्रजी कळत नाही. झडती, की शोध?”

“हां,” अमीनसाहेब म्हणाले. “तलाशी ली, की तलाश किया? दोन्हींत फरक है.”

अण्णारावचं हसू तोंडावरच राहिलं. झडती म्हणावं तर अमीनसाहेबांना दिलेली जबानी खोटी पडते. तो क्षणभर रामकिसनकडं पाहत राहिला. मग म्हणाला, “शोध. शोधलं त्याला, पण तो नळदुर्गला होता. माझं इंग्रजी कच्चं आहे. साहेबांनी भलतंच समजून घेतलं असेल, त्याला मी काय करू?”

मास्तरांना याच उत्तराची धास्ती होती. हे अगदी खरं वाटणारं उत्तर होतं. त्यांनी साहेबांकडं वळून हळू, स्पष्ट इंग्रजीत विचारलं, की मंगळवारी रात्री आपण डब्यातली मासळी का खाल्लीत.

साहेबांनी आदल्या दिवशीचंच उत्तर दिलं. मास्तरांनी ते शब्दाशब्दाला मराठीत उतरवलं.

“साहेब म्हणतात, झडती घेतल्यामुळं रामकिसन दुखावला आणि त्यानं चूल पेटवली नाही, असं अण्णारावनी स्वतः सांगितलं.” मग ते पायऱ्यांखाली उभ्या अण्णारावकडं वळले. “अण्णाराव, जो सापडलाच नाही, तो झडतीनं दुखावला कसा? आणि इंग्रजी कच्चं म्हणता. काल साहेबांना शोधत होता तेव्हा सर्चच्या मागं ‘फॉर’ बरोबर लावलात. रामकिसनच्या वेळीच तो गळाला.”

मास्तर रामकिसनकडं वळले. “आणि तू दुपारीच गेलास, तर नदीवर जाण्याआधी साहेबांना चहा कुणी दिला? साहेब म्हणतात, तूच दिलास. तेव्हा होकायंत्र टेबलावर होतं.”

रामकिसनच्या हसऱ्या तोंडाचा रंग उडाला. तो मास्तरांकडं नाही, अण्णारावकडं वळला. “मालक, म्या तवाच म्हन्लो हुतो, चहाचं काय सांगायचं ते ठरवू. तुमी म्हन्ले, सायबाला कोन विचारतंय.”

गाडीचा एक बैल मान झटकत होता, तेवढाच घुंगरांचा आवाज.

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. साहेब नदीकडं वळले तसं होकायंत्र रामकिसननं उचललं आणि नळदुर्गची वाट धरली. सासऱ्याच्या कणगीत, ज्वारीत ते पुरून ठेवलं होतं. साहेबांनी रामकिसनला चहाच्या वेळी पाहिलं होतं, म्हणून त्यांच्यापुढं खोटी झडती रचावी लागली. अण्णारावला होकायंत्र नकोच होतं. त्याला फाटकावरचा हरिबा नको होता. घासलेटचे डबे पुन्हा सुखानं बाहेर पडायला हवे होते.

मास्तर एकेक वाक्य साहेबांना सांगत गेले. कणगीचं नाव आलं तसे साहेब उठून उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा आधी सैल पडला, मग दगडासारखा झाला. त्यांनी अमीनसाहेबांकडं बोट केलं.

“क्वेश्चन देम.”

हरिबा गाडीतून उतरत होता. दगडाबाई दातांनी त्याच्या दोरीची गाठ सोडवत होती. अमीनसाहेबांच्या शिपायानं रामकिसनची मानगूट धरून त्याला गाडीकडं ढकललं, आणि दुसऱ्या हातानं काखेतली वेताची छडी पुढं घेतली. रामकिसननं आधीच दोन्ही हात तोंडावर घेतले होते.

“साहेब काय म्हणाले?” अमीनसाहेबांनी मास्तरांना विचारलं.

मास्तर घुटमळले. सगळे त्यांच्याकडंच पाहत होते.

“साहेब म्हणाले, दोघांना विचारा. तोंडानं विचारा. अंगाला हात लावायचा नाही. मोठ्या ठाण्यातही नाही. तसं कागदावर लिहून पाठवायचं.”

अमीनसाहेबांनी भुवया उंचावल्या. “एवढं सगळं? मला तर दोनच लफ्ज ऐकू आले.”

“इंग्रजी आटोपशीर भाषा आहे,” मास्तर म्हणाले.

अमीनसाहेबांनी खात्री करून घ्यायला साहेबांकडं पाहिलं. आपल्याला काहीतरी विचारलं जातंय एवढंच साहेबांना समजलं, आणि त्यांनी जोरात मान हलवून होकार दिला.